काकांच्या वहीत काय आहे?

पत्राचा गोषवारा: आमची २४ माणसांची कंपनी आहे. कारखान्यांना लागणारे पंप आणि त्यांचे सुटे भाग विकतो, बसवून देतो, दुरुस्तही करतो. धंदा वडिलांनी सुरू केला, आता मोठा भाऊ आणि मी बघतो. साठा एक्सेलमध्ये, दुरुस्तीच्या तक्रारी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि हिशेब एका जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये. ते सॉफ्टवेअर ऑफिसातल्या एकाच संगणकावर चालतं. मागच्या महिन्यात सहा पंपांची ऑर्डर घेतली. फाइलमध्ये सहा दिसत होते, पण त्यातले दोन दुसऱ्या ग्राहकासाठी राखून ठेवलेले होते आणि ती नोंद फक्त आमच्या हिशेबनीस काकांच्या वहीत होती. जुना ग्राहक दुखावला. तेव्हापासून ठरवलंय की सगळा कारभार एकत्र सांभाळणारी क्लाउडवरची, म्हणजे इंटरनेटवरून वापरायची यंत्रणा घ्यायची. तीन डेमो पाहिले, तिन्ही छान वाटले. दादाला सर्वांत मोठ्या नावाची हवी आहे, म्हणजे उद्या वाढलो तर बदलायला नको. पुतण्या म्हणतो, ओपन सोर्स (ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर) फुकट असताना पैसे कशाला घालवायचे? काका ऐकतच नाहीत, त्यांचं वहीवर भागतं. एका विक्रेत्याने या महिनाअखेरीपर्यंत तीन वर्षांचा करार केला तर मोठी सवलत देऊ केली आहे. कुठली यंत्रणा घेऊ? आणि काकांना कसं पटवू?

उत्तर:

तुमच्या पत्रात ‘काका ऐकत नाहीत’ हे चार वेळा आलं आहे आणि ‘डेमो छान होता’ तीन वेळा. (वर गोषवारा दिलाय, म्हणून वाचकांना ते दिसणार नाही.) मला मात्र पंपांचा किस्सा महत्त्वाचा वाटला. तो तुम्ही एक्सेलच्या अपुरेपणाचा पुरावा म्हणून सांगितलात, पण नीट पाहिलं तर त्यातून दुसरंच काही निघतं. खरा आकडा कंपनीत एका माणसाला माहीत होता. आणि तो माणूस म्हणजे ज्यांना तुम्ही या बदलातला अडसर समजताय तेच.

आता विचार करा, त्या दिवशी तुमच्याकडे जगातली सगळ्यात महागडी यंत्रणा असती तर काय झालं असतं? अशा बहुतेक यंत्रणांमध्ये ‘हातातला साठा’ आणि ‘उपलब्ध साठा’ असे दोन वेगळे आकडे असतात. राखून ठेवलेला माल पहिल्यातून वजा होऊन दुसरा तयार होतो. सहातून दोन गेले, उरले चार. पण ‘हे दोन राखून ठेवा’ असं त्या यंत्रणेला कुणीतरी सांगावं लागतं. काकांनी ते वहीत लिहिलं, कारण फोन काकांना आला होता आणि वही हाताशी होती. यंत्रणा आली असती, पण ती नोंद कुणी करायची हे ठरलं नसतं, तर काकांनी तेव्हाही वहीतच लिहिलं असतं. पडद्यावर सहाच दिसले असते, फक्त जास्त देखण्या अक्षरात.

म्हणून ‘कुठली घेऊ’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवते. तुमच्याकडे यंत्रणा आजही आहे, तिचं नाव काका. तिचा बॅकअप नाही, ती रजेवर गेली की ऑफिस अडतं आणि ती दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. एवढे तीन दोष सोडले तर ती उत्तम चालते. तुम्हाला नवं काही आणायचं असेल तर आधी या यंत्रणेत काय काय आहे ते समजून घ्या.

ते कसं करायचं? काकांशेजारी दोन दुपार बसा. त्यांना पटवायला नव्हे, शिकायला. वही उघडायला सांगा आणि प्रत्येक नोंदीवर एकच विचारा: ‘ही इथे का लिहिली, संगणकावर का नाही?’ मी पैजेवर सांगते, उत्तरांमध्ये तुमच्या धंद्याचे सगळे अपवाद निघतील. अमुक ग्राहक महिन्याचं एकत्र बिल मागतो. तमुकाला जुन्या भावाने द्यायचं असं वडिलांनी कबूल केलं होतं. वॉरंटीतल्या दुरुस्तीला वापरलेलं सील (पंपाची गळती रोखणारा सुटा भाग) साठ्यातून कमी होतं पण त्याचं बिल होत नाही. बदली म्हणून तात्पुरता दिलेला पंप कुणाकडे किती दिवस आहे. हे अपवाद कागदावर उतरले की विक्रेत्यांसमोर ठेवायची तुमच्या गरजांची यादी तयार झाली. पन्नास पानांचा तक्ता भरून देणारे सल्लागार याचेच पैसे घेतात, आणि त्यांच्या तक्त्यात तात्पुरता दिलेला पंप नसतो.

काकांच्या विरोधाबद्दलही एक सुचवते. ‘त्यांना संगणकाची भीती वाटते’ असं तुम्ही लिहिलंत. ते तर तुमचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर इतकी वर्षं वापरतायत! भीती असेल तर ती वेगळीच असावी. एक, वहीतलं सगळं यंत्रात गेलं की आपली गरज काय. दोन, यंत्रातला पहिला आकडा चुकला की बोट आपल्याकडे. दोन्ही भीती रास्त आहेत, आणि ‘तसं काही नाही हो काका’ म्हणून त्या जात नाहीत. त्यांना अधिकार दिला तर जातील. सुरुवातीच्या शिलका आणि सुरुवातीचा साठा बरोबर आहे अशी सही काकांची असेल, आणि ती झाल्याशिवाय नवी यंत्रणा सुरू करायची नाही, असं दादासमोर जाहीर करा. नकाराधिकार हातात आलेला माणूस सहसा तो वापरत नाही, पण काम फार बारकाईने बघतो.

एक नाजूक गोष्टही इथेच सांगून टाकते. वही उघडली की तुम्हाला ठाऊक नसलेल्या सवलती, विसरलेल्या उधाऱ्या, एखादं न सांगितलेलं झुकतं माप असं काही ना काही निघेलच. त्या दोन दुपारी त्यावरून जाब विचारू नका. विचारलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद.

आता दादाकडे वळू. ‘मोठं घेतलं की पुढे बदलायला नको’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात, त्यातलाच विचार. पण सदरा मोठा झाला तर बाह्या दुमडता येतात. यंत्रणा मोठी झाली तर तिचे रिकामे रकाने रोज कुणाला तरी भरावे लागतात. दादाला विचारा, तीन वर्षांत नेमकं काय वाढणार? दुसरं गोदाम? दुसरी कंपनी? परक्या चलनातली खरेदी? स्वतःचं उत्पादन? यातलं काही ठरलेलं असेल तर ते तुमच्या यादीत घाला. मग त्याला खरंच महत्त्व आहे. नुसतं ‘आपण वाढणार’ एवढंच असेल, तर माणसं वाढली म्हणून यंत्रणा बदलावी लागत नाही. कामाचा प्रकार बदलला की लागते.

मोठ्या नावाने मोठं संकट टळतं असंही नाही. जर्मनीतल्या लिडल या किराणा साखळीने २०११ साली सॅप या बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या उत्पादनावर आधारित नवी यंत्रणा उभारायला घेतली आणि २०१८ मध्ये तो प्रकल्प सोडून दिला. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. कारणं बरीच सांगितली गेली, पण त्यातलं एक तुमच्या-माझ्या पातळीवरचं आहे. लिडल मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरायची, सॅपची तयार मांडणी विक्रीच्या भावाने. कंपनी सवय बदलेना, म्हणून सॉफ्टवेअर वळवत बसले. सॉफ्टवेअर वाईट होतं म्हणून हे झालं नाही. आपण साठा कसा मोजतो आणि समोरचा कसा मोजतो, यातली दरी भरून काढायचा खर्च त्यांना भोवला.

ही दरी तुमच्याकडेही असणार. माझं मत साफ आहे: लहान कंपनीने स्वतः वळावं, सॉफ्टवेअर वळवू नये. त्याला एकाच जागी अपवाद करावा, जिथे तुमची खरी कमाई आहे. तुमच्या बाबतीत ती जागा बहुधा दुरुस्ती असेल, कारण पंप कुणीही विकतं. बिलाचा नमुना, मंजुरीचे टप्पे, ग्राहकांचे सांकेतिक क्रमांक हे सगळं यंत्रणा सांगेल तसं करा, अहंकार मध्ये आणू नका. खास बदल करून घेण्यात आणखी एक मेख आहे. क्लाउडवरच्या यंत्रणा तुम्हाला विचारून अद्ययावत होत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रलची आणि नेटस्वीटची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, ओडूची वर्षातून एकदा. तुम्ही शिवून घेतलेलं प्रत्येक ठिगळ त्या-त्या वेळी पुन्हा तपासावं लागतं, आणि तपासणारा माणूस पैसे घेतो.

नावं घेतलीच आहेत तर बाजार थोडक्यात सांगते, म्हणजे तुमच्यासारख्या इतरांनाही उपयोग होईल. काही यंत्रणा हिशेबातून वाढल्या आहेत. झोहो बुक्स, झेरो, क्विकबुक्स या मुळात खातेवह्या आहेत, साठा आणि बाकीचं त्यांना जोडून घ्यायचं. दुसरा गट सगळं एका छताखाली ठेवणाऱ्यांचा: ओडू, ईआरपीनेक्स्ट, सॅप बिझनेस वन, बिझनेस सेंट्रल, नेटस्वीट. यांच्याही कुळकथा बघाव्यात. बिझनेस सेंट्रल म्हणजे डेन्मार्कच्या नेव्हिजनचा वारसा, मायक्रोसॉफ्टने ती कंपनी २००२ मध्ये घेतली. नेटस्वीट १९९८ मध्ये इंटरनेटवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर म्हणूनच सुरू झालं, २०१६ मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतलं. ज्या कामातून यंत्रणा वाढली ते काम तिच्यात सहसा सगळ्यात पक्कं असतं, नंतर जोडलेलं जरा कच्चं. तिन्ही विक्रेत्यांना विचारा, तुमच्याकडे दुरुस्ती-सेवेचा भाग मुळातला आहे की कुणाकडून जोडलेला?

पुतण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. ईआरपीनेक्स्ट पूर्ण ओपन सोर्स आहे, परवान्याचे पैसे नाहीत. ओडूची कम्युनिटी आवृत्तीही मोफत आहे, पण तिच्यात बिलं होतात, पूर्ण हिशेबाचा भाग पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीत आहे. हे अनेकांना उशिरा कळतं. आणि परवाना फुकट असला तरी सर्व्हर, बॅकअप, नव्या आवृत्तीवर जाणं आणि महिनाअखेरीला रात्री नऊ वाजता काही अडलं तर फोन उचलणारा माणूस, हे फुकट नसतं. तो माणूस पुतण्या असेल तर आणखी विचार करा. उद्या त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली तर तुमच्याकडे पुन्हा एक काका तयार झालेले असतील, वयाने लहान एवढंच. ओपन सोर्स जरूर घ्या, पण ती चालवून देणाऱ्या सेवेचे पैसे मोजून घ्या. तिचा खरा फायदा फुकटपणात नाहीच. सेवा देणाऱ्याशी पटलं नाही तर तीच यंत्रणा दुसऱ्याकडे नेता येते, हा तो फायदा.

तर आता डेमो. तिन्ही छान वाटले यात नवल नाही. डेमोतल्या जगात माल पुरता असतो, ग्राहक पैसे वेळेवर देतो आणि कुणी काही परत पाठवत नाही. त्या जगात मलाही धंदा करायला आवडेल! काकांच्या वहीतून तुमची गेल्या वर्षातली सगळ्यात चिघळलेली ऑर्डर निवडा आणि ती एका पानावर लिहा. उदाहरणार्थ: तीन पंप मागवले, आगाऊ रक्कम दिली. दोनच गेले. त्यातला एक सदोष निघाला, तो परत आला, बदली पंप तात्पुरता दिला. मध्येच भाव वाढला. तिसरा पंप गेला तो नव्या भावाने की जुन्या, यावर वाद झाला. शेवटी वॉरंटीत एक सील बदललं. हे पान विक्रेत्याला दोन दिवस आधी पाठवा आणि म्हणा, हे आमच्यासमोर करून दाखवा. त्याने निम्मं दाखवलं की माऊस काकांच्या हातात द्या.

तेव्हा पडद्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघा. ‘हे होत नाही’ असं सरळ सांगणारा विक्रेता मला आवडतो. ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला विचारा: आज होतं, की करून द्यावं लागेल? करून द्यावं लागेल तर कोण करणार, किती पैसे, आणि हे करारात लिहाल का? डेमो देणारा आणि नंतर तुमच्याकडे बसवायला येणारा माणूस सहसा एक नसतो. बसवणाऱ्याला भेटल्याशिवाय सही करू नका. माझा अनुभव असा की मध्यम यंत्रणा आणि जाणता बसवणारा हे जोडपं उत्तम यंत्रणा आणि नवखा बसवणारा यांच्यापेक्षा सुखाने नांदतं.

विक्रेता त्याच्या समाधानी ग्राहकांचे फोन नंबर देईलच. त्यांच्यापैकी दोन वर्षांहून जुन्या कुणाला तरी फोन लावा आणि ‘समाधानी आहात का’ असं विचारू नका. विचारा, ‘महिनाअखेरीचा हिशेब पुरा करायला किती दिवस लागतात, आणि एक्सेल अजून कशाकशासाठी वापरता?’ दुसऱ्या प्रश्नावर माणूस हसला की समजा, खरं बोलणार आहे.

कराराबद्दल. सवलतीची मुदत हा विक्रेत्याच्या कॅलेंडरचा प्रश्न आहे, तुमच्या नाही. महिनाअखेर, तिमाहीअखेर, वर्षअखेर या त्याच्या उद्दिष्टांच्या तारखा. आज गेलेली सवलत तीन महिन्यांनी वेगळा सदरा घालून येते. तीन वर्षं बांधून घेण्यात मुख्य धोका हा की अशा अनेक करारांत वापरणाऱ्यांची संख्या मध्येच वाढवता येते, कमी मात्र करता येत नाही. सुरुवातीला ‘सगळ्यांनाच देऊ’ म्हणून २४ लॉगिन घेतलेत आणि वापरणारे अकराच निघाले, तर तेरा जणांचे पैसे तीन वर्षं. आधी मोजा, रोज नोंद करणारे किती, नुसते बघणारे किती आणि आठवड्यातून एकदा काहीतरी मंजूर करणारे किती. काही यंत्रणांमध्ये नुसतं बघणाऱ्यांसाठी स्वस्त परवाना असतो. पैसे वाचवायला चौघांत एक लॉगिन मात्र वापरू नका, नाहीतर साठा कुणी बदलला हे पुन्हा काकांनाच विचारावं लागेल. नूतनीकरणाच्या वेळी दर जास्तीत जास्त किती टक्के वाढेल हे आत्ताच लिहून घ्या. आणि वर्गणीच्या शेजारी बसवणं, प्रशिक्षण आणि जुना डेटा नेणं यांचा खर्च मांडा. पहिल्या वर्षी तो वर्गणीपेक्षा मोठा निघू शकतो, आणि विक्रेत्याच्या पहिल्या पानावर तो नसतो.

आत जाण्याच्या दारापेक्षा बाहेर पडण्याचं दार आधी बघा. करार संपला तर तुमचा डेटा किती दिवस मिळेल आणि कुठल्या रूपात? ‘हो, एक्सपोर्ट आहे’ या उत्तरावर थांबू नका. चाचणीच्या काळात वीस ग्राहक, वीस वस्तू, दहा बिलं भरा, मग सगळं बाहेर काढा आणि एक्सेलमध्ये उघडून बघा. दुरुस्तीच्या नोंदी आल्या का? जोडलेले फोटो आले का? कुणी पीडीएफ दिलं तर ते धरू नका. पीडीएफ म्हणजे डेटाचा फोटो, त्यातून नवं काही उभं राहत नाही.

क्लाउड म्हटलं की आपण ढगाकडे बघतो, पण डेटा असतो कुठल्या तरी इमारतीतच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक आख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच परिसरात होते, तेही गेले. म्हणून विक्रेत्याला विचारा की बॅकअप वेगळ्या जागी असतो का, आणि तो परत चढवून बघण्याची चाचणी शेवटची केव्हा केली. शिवाय दर महिन्याला स्वतःचा एक एक्सपोर्ट काढून तुमच्याकडे ठेवा. ‘९९.९ टक्के सेवा सुरू’ या आकड्याचा अर्थ वर्षात पावणेनऊ तास बंद, ९९.५ टक्क्यांचा अर्थ जवळजवळ ४४ तास. तुम्हाला ४४ तासही चालतील कदाचित, ते महिनाअखेरीला एकदम आले नाहीत तर.

आणखी एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. यंत्रणेचं मुख्य खातं, ज्याला ॲडमिन म्हणतात ते, कंपनीच्या ईमेलवर उघडा. बसवणाऱ्याच्या नको, पुतण्याच्या खासगी ईमेलवरही नको. दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं) पहिल्याच दिवशी सगळ्यांना लावा. नंतर लावू म्हटलं की ते कधीच लागत नाही.

समजा निवड झाली. मग सगळं एकदम सुरू करायचा मोह होईल, विक्रेताही तसंच सुचवेल. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैमध्ये तीन वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकाच वेळी सुरू केली, नेमकी ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीन सणाच्या मोठ्या मागणीच्या तोंडावर. चॉकलेट गोदामात होतं, पण ऑर्डरी जाईनात. जवळपास १० कोटी डॉलरचा माल वेळेवर पोचवता आला नाही. तुमचा गर्दीचा हंगाम कुठला हे तुम्हाला माहीत आहे, त्याच्या आधीचे दोन महिने सोडा. आणि सुरुवात साठा व दुरुस्तीच्या नोंदींपासून करा, कारण दुखणं तिथेच आहे. हिशेब सध्या आहे त्या सॉफ्टवेअरमध्ये राहू दे, आर्थिक वर्ष संपताना हलवा. मधल्या काळात दोन्हीकडचं रोज जुळवावं लागेल, ते कंटाळवाणं असेल, पण त्यातल्या चुका दुरुस्त होण्याजोग्या असतात.

त्याआधी यादी साफ करायची. तुमच्या एक्सेलमध्ये एकच सील ‘सील ४०’, ‘४० एमएम सील’ आणि ‘सील मोठं’ अशा तीन नावांनी असेल, मी न बघता सांगते. ही तिन्ही नावं नव्या यंत्रणेत गेली तर तीन वस्तू होतील, तिन्हींचा साठा वेगळा. हे काम विक्रेता करून देत नाही, कारण ‘मोठं’ म्हणजे किती हे त्याला ठाऊक नसतं. गोदाम सांभाळणारा आणि काका, दोघांना आठवडाभर यालाच बसवा. जुन्या वर्षांचा सगळा इतिहास नव्यात न्यायचा हट्ट धरू नका. आजचा प्रत्यक्ष मोजलेला साठा, अपुऱ्या ऑर्डरी, येणी-देणी आणि वॉरंटीत असलेले पंप एवढंच न्या. बाकी जुन्या संगणकावर, बघण्यापुरतं.

जुनं-नवं शेजारी-शेजारी किती दिवस चालवावं, यावर मतभेद आहेत. मी म्हणेन एक महिनाअखेर, जास्त नाही. दोन्हीकडे नोंद करायला लावली की माणसं जुन्यात मन लावून करतात आणि नव्यात शिक्षा म्हणून.

शिक्षेवरून माझीच चूक सांगते. एका लहान कंपनीत अशीच यंत्रणा बसवताना ‘शिस्त लागावी’ म्हणून मी ग्राहकाच्या नोंदीतले सतरा रकाने सक्तीचे केले. तीन महिन्यांनी बघते तर शंभराहून जास्त ग्राहकांचा फोन नंबर एकच, सगळे नऊ. कुणी कामचुकार नव्हतं. काउंटरवर माणूस ताटकळत उभा असताना सतरा रकाने कोण भरणार? सतराचे चार केले, तेव्हा नंबर खरे यायला लागले. यंत्रणा आली की शिस्त येते हा तुमच्या पत्रातला आणखी एक समज. ती येते, पण नोंद करणाऱ्याला त्याच दिवशी काही परत मिळालं तर. दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाला निघण्यापूर्वी मोबाइलवर त्या पंपाचा मागचा इतिहास दिसला, तर परतल्यावर तो स्वतःची नोंद आपणहून करेल. नुसतंच ‘साहेबांना अहवाल हवा’ म्हणून सांगितलंत तर व्हॉट्सअ‍ॅप सुटणार नाही.

आता तुमच्या थेट प्रश्नाचं थेट उत्तर. पत्रावरून माझा कौल असा: दादाला हवी ती सर्वांत मोठी आत्ता नको, दुसरं गोदाम किंवा दुसरी कंपनी पक्की झाली नसेल तर. उरलेल्या दोघांना तुमचं ते एक पान पाठवा. ज्यांचा बसवणारा ते पान काकांसमोर निभावून नेईल, ते घ्या, एका वर्षाच्या करारावर. दोघांनाही जमलं नाही तर सहा आठवडे काहीच घेऊ नका. तोवर एक्सेलची ती फाइल सगळ्यांना एकत्र उघडता येईल अशी ठेवा आणि तिच्यात ‘राखून ठेवलेला’ असा एक रकाना वाढवा, तो भरायची जबाबदारी फोन घेणाऱ्याची. मागच्या महिन्यातला घोटाळा एवढ्यानेही टळला असता. आणि हो, तुमच्याकडचे बिलांचे नियम, नोंदी किती वर्षं जपायच्या याची अट, हे तुमच्या लेखापरीक्षकाला विचारून त्या पानाच्या मागे लिहा. ते विक्रेत्याकडून ऐकू नका.

महिनाअखेरीच्या सवलतवाल्याला काय सांगू, असंही विचारलंय तुम्ही. एवढं लिहा: ‘सोबत आमच्या एका ऑर्डरीचा तपशील पाठवते आहे. ती आमच्या माणसांसमोर तुमच्या यंत्रणेत पूर्ण करून दाखवावी. बसवण्याचं काम जे करणार आहेत त्यांनीच यावं. त्यानंतर कराराचं बोलू. मुदत तोवर संपली तरी हरकत नाही.’

ता. क. वहीचे फोटो मात्र याच आठवड्यात काढून ठेवा. काकांना विचारून.